एका फुफ्फुसाचं गाणं? कुमार गंधर्वांच्या बंडाविषयी

जळगावचे आहात, धुळ्याहून काही जण मुद्दाम आलेले दिसतात, आणि बरेच जण हे नंतर मोबाइलवर ऐकतील किंवा वाचतील.

विषयाकडे येण्याआधी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका मैफलीनंतर आम्ही चार-पाच जण रस्त्यावर चहा पीत उभे होतो. विषय निघाला कुमार गंधर्वांचा. आमच्यातले एक जाणकार, खरंच जाणकार, तीस-चाळीस वर्षं गाणं ऐकलेले, म्हणाले, "अहो, त्यांना एकच फुफ्फुस होतं ना, दम पुरायचा नाही, म्हणून ते तसं तुकड्या-तुकड्यानं गायचे. आणि लोक त्यालाच नवी गायकी म्हणतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खोटं कशाला बोलू, तोपर्यंत मीही हेच वाक्य दोन-तीन ठिकाणी ऐटीत सांगितलेलं होतं.

आजचं व्याख्यान त्या वाक्याबद्दल आहे. ते वाक्य पूर्ण खोटं नाही, अडचण तिथेच आहे.

आधी माणूस कोण ते पाहू. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ. जन्म 8 एप्रिल 1924, बेळगावजवळचं सुळेभावी. घर कानडी, लिंगायत. सहा-सात वर्षांचा असताना हा पोरगा ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून त्या काळच्या मोठमोठ्या गवयांचं गाणं जसंच्या तसं म्हणून दाखवायचा. तान तीच, जागा तीच, गळ्याची ढबसुद्धा तीच. एका मठाच्या स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटलं आणि ते नाव आयुष्यभर चिकटलं. 1935 साली, म्हणजे अकराव्या वर्षी, अलाहाबादच्या संगीत परिषदेत तो गायला आणि थक्क झालेल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. नकलेसाठी डोक्यावर घेतलं, एवढं मात्र लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला तिथे परत यायचं आहे.

1936 साली तो मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या शाळेत आला. ऑपेरा हाउसजवळची ही शाळा म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. देवधर सगळ्या घराण्यांच्या उस्तादांना बोलवायचे, त्यांचं गाणं जमवायचे, पाश्चात्त्य संगीत आणि आवाजाचं शास्त्रही अभ्यासायचे. 'आमच्या घराण्यात असंच' हे वाक्य त्या शाळेत चालत नसे.

आणि देवधर कोणाचे शिष्य? विष्णु दिगंबर पलुस्करांचे. इथे मी जरा वाट सोडणार आहे, पण ते उगाच नाही.

पलुस्कर 1872 सालचे, कुरुंदवाडचे, कीर्तनकाराचा मुलगा. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि डोळे अधू झाले ते कायमचे. शाळा संपली. वाचता येत नाही त्या मुलानं काय करायचं, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला पाठवलं. पुढे याच माणसानं संस्थानिकांचा आश्रय सोडला, तिकीट लावून लोकांसमोर गायला सुरुवात केली आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही राजाच्या पैशावर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर. आज जळगावात, धुळ्यात, अमळनेरात, चाळीसगावात मुलं-मुली 'प्रारंभिक', 'प्रवेशिका', 'मध्यमा', 'विशारद' अशा परीक्षा देतात ना? घरातल्या मुलीनं पेटी घेऊन क्लासला जाणं आज आपल्याला साधं वाटतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते साधं नव्हतं. त्या बदलाच्या मुळाशी डोळ्यांनी अधू असलेला हा माणूस आहे. त्यांच्या कामावर टीकाही झाली आहे. संगीताला त्यांनी फार भक्तीचा, हिंदू धार्मिक रंग दिला आणि मुसलमान उस्तादांची परंपरा त्यात मागे पडली, असं जानकी बखले यांच्यासारख्या इतिहासकारांनी साधार दाखवलं आहे. मला ती टीका बरीचशी पटते.

पण माझा मुद्दा दुसरा आहे. पलुस्करांनी शाळा काढल्या त्या डोळे अधू होते म्हणून काढल्या, असं कोणी म्हणतं का? नाही म्हणत. ते काम त्यांच्या बुद्धीचं, हट्टाचं होतं असंच आपण धरतो. मग कुमारांच्या बाबतीत आपण फुफ्फुसापाशी का अडकतो?

आता परत कुमारांकडे. एप्रिल 1947 मध्ये त्यांचं लग्न देवधरांच्याच शाळेतल्या भानुमती कंस यांच्याशी झालं. वय तेवीस. गाणं शिगेला. आणि त्याच सुमारास क्षय झाला. तेव्हाचा क्षय म्हणजे काय, हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. कोरडी हवा, अंडी-दूध, अंथरूण आणि वाट पाहणं, एवढाच उपचार. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. 1948च्या जानेवारीत दोघं माळव्यातल्या देवासला आले.

देवास आपल्याला लांबचं वाटतं, पण आग्रा रोडनं निघालात की धुळे, शिरपूर, सेंधवा, इंदूर आणि पुढे देवास. धुळ्याहून साधारण 300 किलोमीटर. म्हणजे मुंबईपेक्षा लांब नाही, थोडं जवळच. पवारांची जुनी मराठी संस्थानं, एकाच गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर तिथे महाराजांचा खाजगी चिटणीस होता, त्यानं त्यावर पुस्तकही लिहिलं. गावाच्या मधोमध देवीची टेकडी. त्या टेकडीच्या पायथ्याच्या गावात हा तरुण गवई पाचएक वर्षं अंथरुणाला खिळून होता.

घर कोण चालवत होतं? भानुमती. त्या शाळेत शिकवायच्या, घर सांभाळायच्या आणि संसर्गाच्या रोगात नवऱ्याची शुश्रूषा करायच्या. त्या स्वतः गायिका होत्या. या कहाणीत त्यांचं गाणं कुठे गेलं, हे सहसा कोणी विचारत नाही. 1961 साली त्या गेल्या. 'आजारावर मात केली' असं आपण कुमारांबद्दल सहज म्हणतो, पण ती मात काही एकट्याची नव्हती.

मग औषध आलं. स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली अमेरिकेत सापडलं होतं, आपल्याकडे पोचायला आणि परवडायला वेळ लागला. 1952च्या सुमाराला त्या औषधानं कुमार उठले. एक फुफ्फुस मात्र निकामी झालं होतं. 1953 पासून ते पुन्हा मैफलीत बसू लागले, आणि लोकांनी ऐकलं तर हे गाणं कोणाचंच नव्हतं. कोणत्या घराण्याचं, ते सांगता येईना.

काय बदललं होतं? जे गाणं फार ऐकत नाहीत त्यांच्यासाठी सोप्या भाषेत सांगतो. ख्याल म्हणजे रागाची इमारत हळूहळू, वीट-वीट रचत नेणं. एक सूर, मग दुसरा, मग तिसरा, लांबलचक श्वासात. कुमारांनी ती पायरी-पायरीची चढण नाकारली. मध्येच आवाज अगदी बारीक करायचा, मग एकदम वरचा सूर फेकायचा, मग थांबायचं. नुसतं थांबायचं. तानपुरे इतके काटेकोर जुळवलेले असायचे की त्या थांबण्यातही राग ऐकू यायचा. तान छोटी, विजेसारखी. आणि बंदिशीचे शब्द ही केवळ सूर अडकवायची खुंटी नाही, बंदिशीला स्वतःचा जीव आहे, असं धरून चालायचं.

परंपरावाले चिडले. हा ख्याल नाही म्हणाले, तुकडे आहेत म्हणाले. आणि त्यातूनच ते सोयीचं स्पष्टीकरण निघालं: बिचाऱ्याला दम नाही.

हे 'बिचारा' फार बेरकी असतं, बरं का. त्यात टीकाही होते आणि दयाही दाखवता येते. माणसानं विचार करून काही मोडलं, हे मान्य करायचं नसलं की त्याच्या शरीराकडे बोट दाखवायचं. मग वाद घालायची गरजच उरत नाही.

आता हे वाक्य तपासून पाहू.

खरं काय आहे? एक फुफ्फुस गेलेल्या गायकाला श्वासाचा हिशोब नव्यानं मांडावा लागणार, हे उघड आहे. कुमारांनाही तो मांडावा लागला असणार. त्यांचे समकालीन भीमसेन जोशी, वयानं दोनच वर्षांनी मोठे, त्यांचा तो न संपणारा श्वास आठवा. कुमार त्या वाटेनं जाऊ शकले नसते. इथपर्यंत आमचे चहावाले जाणकार बरोबर आहेत.

पण पुढचं बघा. निर्गुणी भजनं. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे, नाथपंथी जोगी तिथे येत, कबीर-गोरखाची पदं गात. ती पदं कुमारांनी मैफलीत आणली. त्यातला आवाज कसा आहे? उघडा, मोकळा, जोगी हाक मारतो तसा. सूर फेकून द्यायचा आणि तो हवेत टिकवायचा. ज्याला दम वाचवायचाय तो माणूस अशी गायकी निवडेल? अमेरिकेतल्या अभ्यासक लिंडा हेस यांनी कुमारांच्या कबीर-गायनावर पुस्तकच लिहिलं आहे, तेही याच निर्गुणाच्या ओढीनं.

दुसरं म्हणजे शिष्य. वसुंधरा कोमकली, मुकुल शिवपुत्र, सत्यशील देशपांडे, कलापिनी कोमकली. या सगळ्यांच्या गाण्यात कुमारांचा विचार दिसतो. तो थांबणं, तो लहान-मोठा आवाज, ती बंदिशीची आच. यांची तर दोन्ही फुफ्फुसं धडधाकट! आजाराची सवय शिष्यांकडे जात नाही. विचारच जातो.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या खानदेशाच्या अगदी शेजारची आहे. अंथरुणावर पडलेल्या त्या वर्षांत कुमारांना गाता येत नव्हतं, पण कान चालू होते. खिडकीतून काय ऐकू येणार? बायका जात्यावर, लग्नात, सणात गातात ती गाणी. भिक्षा मागणारे गातात ते. पितृपंधरवड्यात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणानं 'संजा' काढतात आणि गातात. आपल्याकडच्या गुलाबाईची बहीणच समजा. गुलाबाईची गाणी इथल्या कितीतरी बायकांना आजही पाठ आहेत. श्रावणात कानबाई बसते, रोट होतात, रात्रभर गाणी होतात. ही गाणी आपण कधी 'संगीत' म्हणून ऐकली का? आपण ती 'बायकांची गाणी' म्हणून सोडून दिली.

कुमारांनी सोडली नाहीत. त्यांच्या लक्षात आलं की त्या धुना चार-पाच सुरांत फिरतात, पण त्या चार-पाच सुरांत एक पक्का स्वभाव असतो. मग त्यांनी प्रश्न उलटा केला. लोकगीतं म्हणजे रागाची बिघडलेली रूपं, असं पंडित मानत. कुमार म्हणाले, उलट आहे. धून आधी, राग नंतर. आणि नुसतं म्हणून थांबले नाहीत, त्या धुनांमधून त्यांनी नवे राग उभे केले: मालवती, संजारी, अहिमोहिनी, लगनगांधार, मधसुरजा. त्यांना ते 'धुनउगम' राग म्हणत. 1965 साली 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह आला, त्यात हे काम स्वरलिपीसकट आहे. माळव्याच्या लोकगीतांचे, ऋतूंच्या गाण्यांचे स्वतंत्र कार्यक्रम त्यांनी केले.

हे बंड आहे. घराणं मोडणं सोपं असतं, ते आणखी काही जणांनी केलं. पण शास्त्राचा उगम राजदरबारात नाही, शेणानं सारवलेल्या भिंतीसमोर गाणाऱ्या पोरींच्या गळ्यात आहे, असं जाहीर मैफलीत गाऊन दाखवणं वेगळं. याचा फुफ्फुसाशी काय संबंध? आजारानं त्यांना वेळ दिला आणि सक्तीची शांतता दिली, एवढं म्हणता येईल. क्षयानं अंथरुणाला खिळलेले त्या काळात लाखो होते. खिडकीबाहेरच्या गाण्याचा असा विचार किती जणांनी केला?

इथे तरुण मंडळी आहेत, त्यातले काही गिटारवाले आहेत हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी एक शेजारचं उदाहरण. टोनी आयोमी, 'ब्लॅक सॅबथ'चा गिटारवादक. 1965 साली बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात काम करताना यंत्रात हात गेला आणि दोन बोटांची टोकं तुटली. तीही तारा दाबायच्या हाताची, कारण तो डावखुरा. वय सतरा. वाजवणं संपलं असं त्याला वाटलं. कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली, ज्याचा हात आगीत भाजला होता आणि जो जवळजवळ दोनच बोटांनी वाजवायचा. आयोमीनं मग प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे तारा सैल करून सूर खाली उतरवला. त्यातून तो जड, काळोखा नाद आला ज्याला आज 'हेवी मेटल' म्हणतात. इथे शरीर आणि शैली यांचा संबंध सरळ आहे, आयोमी स्वतः तो सांगतो. पण तरीही, तुटल्या बोटांनी वाजवणारे आणखी असतील, 'ब्लॅक सॅबथ' एकच झालं.

दुसरा इयन ड्युरी, इंग्लंडचाच. सातव्या वर्षी पोलिओ, डावा हात आणि डावा पाय लुळा. सत्तरच्या दशकात रॉक गाऊन प्रचंड गाजला. संयुक्त राष्ट्रसंघानं 1981 हे 'आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष' जाहीर केलं. आपल्याकडेही ते पाळलं गेलं, भाषणं झाली, हारतुरे झाले. ड्युरीला त्या दयेचा राग आला. त्यानं 'स्पास्टिकस ऑटिस्टिकस' नावाचं गाणं काढलं. 'स्पार्टाकस' सिनेमात पकडलेले सगळे गुलाम 'मीच स्पार्टाकस' म्हणत उभे राहतात, त्यावरून नाव. लोक ज्या शब्दानं चिडवतात तोच शब्द छातीवर लावून उभं राहायचं. बीबीसीनं ते वाजवायला नकार दिला. ड्युरी 2000 साली 27 मार्चला कर्करोगानं गेला. आणि 2012 साली लंडनला पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात तेच गाणं अपंग कलावंतांनी जगासमोर गायलं. योगायोग असा की 27 मार्च याच तारखेला, 2014 साली, भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

कुमार ड्युरीसारखे आजारावर ओरडून गायले नाहीत. त्यांचा स्वभाव तो नव्हता. पण दोघांनी एक गोष्ट सारखी केली: माझ्याकडे दयेनं बघू नका, गाणं ऐका.

कोणी म्हणेल, कुमारांना तुम्ही अपंग कशाला म्हणता? प्रश्न बरोबर आहे. 2016च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार दिलेत. त्यात फुफ्फुस नाही. सिकल सेल आहे, जो आपल्या नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी भागात घराघरांत माहीत आहे. 1995च्या कायद्यात प्रकार फक्त सातच होते, सिकल सेल तेव्हा नव्हता. म्हणजे यादी बदलत असते. गेल्या काही वर्षांत सरकारी कागदावर 'अपंग'चं 'दिव्यांग' झालं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर मला तो शब्द आवडत नाही. अंग दिव्य वगैरे काही नसतं. बसची पायरी उंच असते. पण ज्यांचा तो प्रश्न आहे त्यांच्यातही दोन मतं आहेत, त्यामुळे मी जास्त बोलत नाही. [हशा]

शेवटी जळगावची एक गोष्ट आणि थांबतो.

नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, लहानपणी इथे जळगावात आबासाहेब म्हाळसांकडे राहिले आणि मेहबूब खाँ यांच्याकडे गाणं शिकले, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. इथल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, जानेवारीतल्या संगीत महोत्सवालाही. अखेरच्या वर्षांत बालगंधर्वांचे पाय अधू झाले होते. उभं राहता येत नव्हतं, तरी ते गात होते, आणि लोक हळहळायला येत होते. साठच्या दशकात कुमारांनी त्यांच्या गाण्यावर एक कार्यक्रम केला. काही लोक चिडले, कारण त्यांना हुबेहूब बालगंधर्व ऐकायचे होते. आणि हुबेहूब गाणं कोणाला जमलं असतं? ज्या मुलानं सातव्या वर्षी तबकड्यांची हुबेहूब नक्कल करून देश गाजवला, त्याला! त्याच माणसानं कार्यक्रमाला नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्यातला 'मला' बघा. नाट्यपदांमध्ये त्यांना जी रागाची बांधणी दिसली, जो शब्दाचा उच्चार दिसला, तो त्यांनी आपल्या आवाजात मांडला. डोळे पुसायला जागा ठेवली नाही.

कुमार 12 जानेवारी 1992 रोजी देवासला गेले. जब्बार पटेलांनी त्यांच्यावर 'हंस अकेला' नावाचा माहितीपट केला आहे, मिळाला तर जरूर पाहा. आणि घरी गेल्यावर मालवती किंवा एखादं निर्गुणी भजन लावा. मी त्या चहाच्या टपरीवरून घरी गेल्यावर तेच केलं होतं. ते मध्ये जिथे थांबतात तिथे घड्याळ लावून बसलो, श्वास घेतायत का ते ऐकायला. दोन-तीन ठिकाणी घेतलेला ऐकू आला. बाकीच्या ठिकाणी ते नुसते थांबलेले होते आणि मागे तानपुरे वाजत होते.

बोला, कोणाला काही विचारायचं असेल तर. मागच्या रांगेत माइक देता का जरा?